पुस्तकाची सुरुवात ८७व्या पानावर आहे

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. विदर्भातील एका महाविद्यालयात ३१ वर्षे भूविज्ञान शिकवून मी तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. जीवाश्म आणि पृथ्वीचा इतिहास यांवर सामान्य वाचकांसाठी मराठीत पुस्तक लिहावे ही इच्छा जुनी होती. भाच्याने ब्रिटिश जीवाश्मशास्त्रज्ञ रिचर्ड फोर्टी यांची पुस्तके एकामागून एक आणून दिली, तेव्हा ती पुन्हा जागी झाली. दीड वर्षात १४० पाने लिहून झाली. मात्र ती वाचून त्याच भाच्याने ‘मावशी, हे पाठ्यपुस्तक झाले’ असे सांगितले. तेव्हापासून लेखन थांबले आहे. आरंभ पृथ्वीच्या जन्मापासून करायचा नाही, तर कोठून करावा? पारिभाषिक शब्दांचे काय करावे? शास्त्रीय पुस्तकात ‘मी’ शोभत नाही असे आमच्या घरातील मत आहे, ते बरोबर आहे का? आणि जीवाश्म जेथे सापडतात त्या गावांची नावे द्यावीत का? हस्तलिखित सोबत पाठवीत आहे.
— एक निवृत्त प्राध्यापिका

उत्तर

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे हस्तलिखित दोनदा वाचले. भाच्याचे म्हणणे खरे आहे, पण अर्धेच. पहिली ८६ पाने पाठ्यपुस्तकाची आहेत, आणि ती चांगल्या पाठ्यपुस्तकाची आहेत हेही सांगायला हवे. खडकांचे प्रकार, कालखंडांची नावे, जीवाश्म होण्याच्या प्रक्रिया हे सारे तेथे अचूक आणि नेटके आहे. मग ८७व्या पानावर तुम्ही विद्यार्थ्यांना घेऊन चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याच्या शिवारात जाता, आणि तेथे एक शेतकरी बांधावर उभा राहून तुम्हाला विचारतो, ‘बाई, हे गोटे आम्ही वेचून बांधावर टाकतो अन् तुम्ही पिशव्या भरून नेता; याचं करता तरी काय?’ या वाक्यापाशी मी खुर्चीत सरसावून बसलो. पुढच्या परिच्छेदात तुम्ही लगेच ‘लॅमेटा शैलसमूहाची वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे’ असे लिहून त्या माणसाला बांधावर तसेच उभे ठेवून निघून गेला आहात. माझ्या मते तुमचे पुस्तक त्याच्या प्रश्नापासून सुरू होते.

तुम्हाला फोर्टी आवडतात, म्हणून त्यांच्याच पुस्तकांकडे या दृष्टीने पुन्हा पाहू. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये ट्रायलोबाइट या प्राचीन, नामशेष कवचधारी सागरी प्राण्यांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या आणि २०२५ मध्ये निवर्तलेल्या या माणसाने सजीवांच्या सुमारे चार अब्ज वर्षांचा इतिहास ‘लाइफ’ या १९९७ सालच्या पुस्तकात सांगितला. पण तो इतिहास आदिसागरापासून सुरू होत नाही. तो सुरू होतो १९६७ साली उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेन बेटाच्या थंडगार समुद्रात, हिमखंडांमधून वाट काढणाऱ्या एका छोट्या बोटीत, जिच्यावर लेखक तेव्हा विद्यार्थी म्हणून बसलेला आहे. ‘ट्रायलोबाइट!’ हे पुस्तक इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील एका कड्याच्या वाटेवर उघडते. ‘दि अर्थ’ हे २००४ सालचे पुस्तक इटलीतील नेपल्सच्या उपसागराकाठी सुरू होते, आणि तेथून जवळच पोत्सुओली येथे रोमन काळातील तीन संगमरवरी स्तंभ आहेत, ज्यांच्यावर माणसाच्या डोक्याहून बऱ्याच उंचीवर सागरी शिंपल्यांनी पोखरलेल्या भोकांचा पट्टा दिसतो. म्हणजे जमिनीवर बांधलेली ही वास्तू जमिनीसकट खाली गेली, समुद्रात उभी राहिली आणि पुन्हा वर आली. भूकवच हालते हे सांगायला फोर्टींना आकृती काढावी लागत नाही. खांबावरची भोके पुरतात.

ही केवळ कथा रंगवण्याची युक्ती आहे असे कोणी म्हणेल, पण मला तसे वाटत नाही. भूवैज्ञानिकाला ज्ञान होते तेच मुळी या क्रमाने. आधी हातात दगड येतो, मग ‘हा येथे कसा’ हा प्रश्न येतो, आणि त्यानंतर काळ मागे उलगडत जातो. पृथ्वीचा जन्म, पहिले सजीव, मासे, सरपटणारे प्राणी, सस्तन प्राणी ही रांग म्हणजे हजारो माणसांच्या शोधांचा शेवटी लागलेला जमाखर्च आहे. पाठ्यपुस्तकाने जमाखर्च द्यावा, कारण विद्यार्थ्याला तो परीक्षेत मांडायचा असतो. पण ज्याला परीक्षा द्यायची नाही त्या वाचकाला तुम्ही तुमच्या समजण्याच्या क्रमाने न्यायला हवे. ‘ट्रायलोबाइट!’चा आराखडा पुन्हा तपासून पाहा. आरंभीची प्रकरणे कालखंडानुसार नाहीत. ती कवच, पाय आणि डोळे अशी त्या प्राण्याच्या अंगावरून फिरतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड ल्वीड यांनी वेल्समधील ट्रायलोबाइटाचे चित्र छापले तेव्हा त्यांना तो चपटा मासा वाटला होता, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या या प्राण्याची नुसती कवचेच हाती लागत राहिली, पाय मिळेनात. वाचकालाही आधी कवच मिळते आणि पायांसाठी थांबावे लागते.

आता पिसदुऱ्याकडे येऊ. तुमच्या हातात असलेल्या ऐवजाची तुम्हाला पूर्ण कल्पना नाही असे मला हस्तलिखित वाचताना वाटत राहिले, कारण जी गोष्ट २० पाने व्यापू शकेल ती तुम्ही ९१व्या पानावर चार ओळींत उरकली आहे. त्या शेतातले गोटे म्हणजे डायनोसॉरांची अश्मीभूत विष्ठा. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की या गोट्यांमध्ये गवताचे अवशेष आहेत. तोपर्यंत सर्वसाधारण समज असा होता की गवते आली ती डायनोसॉर गेल्यानंतर. पुस्तकांतल्या चित्रांतही डायनोसॉरांच्या पायाखाली नेचे आणि सूचिपर्णी वृक्ष असत, गवत नसे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या शेतातल्या गोट्याने हे चित्र बदलले. २०११ साली त्याच चमूच्या पुढच्या अभ्यासात त्या अवशेषांमध्ये भाताच्या कुळाचे नातलगही ओळखले गेले. भाताच्या जिल्ह्यात राहणाऱ्या वाचकाला याहून जवळची गोष्ट तुम्ही कोणती सांगणार आहात?

आणि हे कसे समजले, ते येथेच सांगा. गवताचे पाते ओढताना बोट कापते, कारण पात्याच्या पेशींमध्ये सिलिकेचे, म्हणजे आपल्या गारगोटीतल्याच द्रव्याचे, सूक्ष्म कण साठलेले असतात. पाते सडते, पचते, जळते. हे कण राहतात, आणि त्यांचे आकार वेगवेगळ्या गवतांत वेगवेगळे असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची ओळख पटते. गवत कापताना बोट रक्ताळलेला प्रत्येक वाचक हे क्षणात समजेल. तुम्ही मात्र तेथे ‘वनस्पतिजन्य सिलिकामय सूक्ष्मकणांच्या विश्लेषणाद्वारे’ असे लिहिले आहे. वाक्य चुकीचे नाही, पण त्यात बोट कापत नाही.

येथून पारिभाषिक शब्दांचा प्रश्न आपोआप येतो. ‘जीवाश्म’ हा शब्द आता सर्वांचा झाला आहे, तो निःशंक वापरा. ‘वालुकाश्म’, ‘चुनखडक’, ‘गाळाचे खडक’ हेही चालतील. ‘विष्ठाश्म’ एकदा सांगा आणि सोडून द्या. तुम्ही तो ४३ वेळा वापरला आहे, मी मोजले. आपल्या भाषेत गाय-म्हशीचे शेण, घोड्या-हत्तीची लीद आणि शेळी-मेंढीच्या लेंड्या अशी प्रत्येकाची स्वतंत्र सोय आहे. डायनोसॉराचे काय म्हणावे हे ठरवण्याचा मान मराठीत अजून कोणी घेतलेला नाही. आकारमान पाहता मी ‘लीद’ म्हटले असते, पण हा अधिकार तुमचा. खडकांच्या बाबतीत तर विहिरी खणणाऱ्या आणि खाणीत काम करणाऱ्या माणसांनी काम फार पूर्वीच करून ठेवले आहे. वरचा सैल थर तो मुरूम, पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या पोकळ्यांचा तो मांजऱ्या, आणि पहार उडवून लावणारा तो काळा पाषाण. ‘कुहरी बेसाल्ट’ असे लिहिण्यापूर्वी हे शब्द एकदा तोंडात घोळवून पाहा.

आकड्यांविषयीही एक विनंती आहे. ‘६६ दशलक्ष वर्षे’ हे इंग्रजी मोजमापाला घातलेले मराठी कपडे आहेत. आपला वाचक लाख-कोटीत विचार करतो, त्याला ६.६ कोटी वर्षे सांगा. आणि पृथ्वीचे आयुष्य २४ तासांचे मानून माणूस शेवटच्या काही सेकंदांत आला, हे जे घड्याळ तुम्ही १२व्या पानावर लावले आहे ते काढून टाका. ते इतक्या भिंतींवर लागून गेले आहे की आता कोणी त्याच्याकडे पाहत नाही. काळ दाखवायला तुमच्याकडे नागपूरची टाकळी आहे. तेथे लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख आणि वनस्पतींचे अवशेष सापडतात. म्हणजे पहिला लाव्हा थंड झाला, त्याच्यावर पाणी साचून तळे झाले, तळ्यात गाळ बसला, काठाला झाडे वाढली, गोगलगायींच्या पिढ्या जगल्या आणि मेल्या, आणि तेव्हा कोठे दुसरा लाव्हा आला. वाचकाला त्या तळ्याच्या काठी बसवले की एवढा वेळ जाणे म्हणजे काय हे त्याला कळते.

टाकळीचे जीवाश्म जगापुढे आणणाऱ्या स्टीफन हिस्लॉप यांना तुम्ही ११२व्या पानावर अर्धी ओळ दिली आहे, याचे मला आश्चर्य वाटले. १८४५ साली नागपुरात आलेला हा स्कॉटिश मिशनरी सवड काढून दगड गोळा करत हिंडला, मांगली येथे मिळालेली एका प्राचीन उभयचराची कवटी त्याच्यामुळे लंडनला पोचली आणि १८५५ साली तिचे वर्णन केले ते रिचर्ड ओवेन यांनी, म्हणजे ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवणाऱ्या माणसाने. १८६३ साली टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात हिस्लॉप बुडाले. नागपुरात हजारो लोकांना हिस्लॉप हे कॉलेजचे नाव म्हणून माहीत आहे; त्या नावामागचा माणूस गोगलगायींच्या शंखांसाठी उन्हातान्हात खडक फोडत होता, हे सांगायला तुमच्याइतके योग्य कोण आहे?

मात्र फोर्टींची नक्कल करू नका. हस्तलिखितात दोन-तीन ठिकाणी तो मोह दिसतो. कॉर्नवॉलचा तो कडा त्यांनी निवडला, कारण थॉमस हार्डी यांच्या १८७३ सालच्या एका कादंबरीत नायक कड्याला लोंबकळत असताना त्याच्या डोळ्यांसमोर खडकातला ट्रायलोबाइट येतो आणि दोघे एकमेकांकडे पाहत राहतात. इंग्रजी वाचकाच्या ओळखीचे साहित्य त्यांनी कामाला लावले. तुम्ही तोच प्रसंग मराठीत पुन्हा सांगता तेव्हा वाचकाला आधी हार्डी समजावून सांगावे लागतात आणि ट्रायलोबाइट मागे पडतो. शिवाय महाराष्ट्रात ट्रायलोबाइट नाहीत. ते पाहायचे तर हिमाचल प्रदेशातील स्पितीसारख्या खोऱ्यांत जावे लागते. पण त्याच पुस्तकातला एक धागा खरोखर तुमचा आहे, आणि तो तुम्ही उचललेला नाही. ट्रायलोबाइटांच्या डोळ्यांतली भिंगे कॅल्साइटची होती. कॅल्साइटच्या स्वच्छ स्फटिकातून अक्षर पाहिले तर एकाची दोन दिसतात, कारण त्यात प्रकाशाचे दोन किरण होतात. फक्त एका विशिष्ट अक्षाच्या दिशेने पाहिले तर तसे होत नाही, आणि या प्राण्यांच्या भिंगांत स्फटिकांची मांडणी नेमकी त्या अक्षाला धरून होती. असा स्वच्छ कॅल्साइट आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांमध्ये मिळतो. तुमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तो वर्तमानपत्रावर ठेवून तुम्ही ३१ वर्षे मुलांना दुहेरी अक्षरे दाखवलीत. ती मुले कशी चकित होत असत ते लिहा आणि मग सांगा की ५० कोटी वर्षांपूर्वी एक प्राणी या दगडातून जग पाहत होता.

तुमच्या पुस्तकात एक प्रकरण मुळीच नाही, आणि विदर्भाबाहेरच्या वाचकाला त्याचीच सर्वांत जास्त गरज पडेल. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्टखाली, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या काळ्या खडकाखाली, आहे. साताऱ्याचा किंवा संगमनेरचा मुलगा तुमचे पुस्तक वाचून रविवारी हातोडी घेऊन टेकडीवर जाईल आणि हात हलवत परत येईल. त्याला का काही मिळाले नाही हे कोणीतरी सांगायला हवे. वितळलेल्या खडकात जीव टिकत नाही, हे वाक्य सोपे आहे, पण त्याच्या पाटा-वरवंट्याचा, किल्ल्याच्या तटाचा आणि वेरूळच्या कैलासाचा दगड एके काळी वाहत होता हे त्याला त्याच वेळी कळले तर तो निराश होऊन परतणार नाही. त्याच प्रकरणात जीवाश्मासारख्या दिसणाऱ्या पण जीवाश्म नसलेल्या गोष्टीही घ्या. विद्यार्थिदशेत मी दगडाच्या भेगेतली एक सुरेख काळी नेच्याची फांदी कागदात गुंडाळून सरांकडे नेली होती. सरांनी ती पाहिली, भिंग माझ्याकडे सरकवले आणि चहा मागवला. ते मँगनीजच्या खनिजाचे नक्षीकाम होते. भेगेत झिरपलेल्या पाण्याने काढलेले. त्या दिवशी जे शिकलो ते आजवर विसरलो नाही, आणि असे प्रसंग तुमच्याकडे माझ्यापेक्षा शंभरपट असणार.

यातच ‘मी’विषयीचे उत्तर आले आहे. घरातील मताचा आदर राखून सांगतो की शोधनिबंधात ‘मी’ शोभत नाही, ललित पुस्तकात तो उगाच मिरवला तर शोभत नाही; पण साक्षीदाराने साक्ष देताना ‘मी पाहिले’ असे म्हटलेच पाहिजे. तुम्हाला काय वाटले हे कमी लिहा. तुम्ही काय पाहिले, कोठे चुकलात, काय ओळखायला किती वर्षे लागली, हे भरपूर लिहा. फोर्टींच्या पुस्तकांतला ‘मी’ बहुधा असाच आहे.

एका विधानाविषयी मात्र कडक बोलावे लागेल. ३१व्या पानावर तुम्ही ‘सह्याद्रीच्या ज्वालामुखींनी डायनोसॉरांचा अंत केला’ असे ठामपणे लिहिले आहे. १९८० साली अल्वारेझ पिता-पुत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इरिडियम या अशनींत विपुल असलेल्या धातूच्या थरावरून अशनिपाताची कल्पना मांडली, पुढे मेक्सिकोतील चिक्शुलूब येथील विवर ओळखले गेले, आणि आज बहुसंख्य अभ्यासक त्या आघाताला प्रमुख कारण मानतात. दख्खनचा लाव्हा त्या आघाताच्या आधीपासून वाहत होता आणि नंतरही वाहत राहिला. त्याचा वाटा किती, यावर वाद अजून चालू आहे. आपल्या डोंगरांना मोठे श्रेय मिळावे हे कोणालाही वाटेल, पण वादाचा निकाल तुम्ही लावू नका. वाद तसाच मांडा, तो निकालापेक्षा अधिक वाचनीय आहे. शिवाय हा लाव्हा बराचसा जमिनीच्या लांबच लांब भेगांमधून आला. ‘सह्याद्रीचे ज्वालामुखी’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर जपानचा शंकूसारखा फुजियामा उभा राहतो.

गावांच्या नावांविषयी. पिसदुरा, टाकळी, सिरोंचा, कोटा ही नावे शतकभराहून अधिक काळ छापली गेली आहेत; ती लपवण्यात अर्थ नाही, आणि त्या गावांना त्यांचे श्रेय मिळायला हवे. पण गट क्रमांक, ओढ्याचे वळण, ‘शाळेमागच्या शेतात’ अशा खुणा तुम्ही जागोजागी दिल्या आहेत, त्या सगळ्या काढून टाका. जीवाश्मांचा बाजार आहे, आणि तुमचे पुस्तक वाचून पिशवी घेऊन निघणारा प्रत्येक जण अभ्यासकच असेल असे नाही. जागेवरून हललेला जीवाश्म कोणत्या थरातला होता हे पुन्हा कधीच सांगता येत नाही. हे सांगताना तुमच्या स्वतःच्या पिशव्यांचा उल्लेखही करा. शैक्षणिक सहलींत प्रत्येक तुकडीने दरवर्षी किती गोटे उचलले आणि त्यांतले किती आज कपाटात नोंदीसह आहेत, हे तुम्हीच लिहिलेत तर वाचक तुमचा सल्ला ऐकेल. सिरोंचा परिसराच्या प्रकरणात बारापासॉरस या डायनोसॉराची गोष्ट जरा विस्ताराने यायला हवी. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातला तो अवाढव्य सांगाडा आज कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे, आणि नावातला ‘बारा’ हा आकडा नसून ‘बारा-पा’ म्हणजे बंगालीतला ‘मोठा पाय’ आहे, हे तुमच्या अनेक वाचकांना नवे असेल. पूर्ण नावात टागोरही आहेत, कारण उत्खननाच्या सुमारास रवींद्रनाथांची जन्मशताब्दी चालू होती.

आता पहिली ८६ पाने बाजूला ठेवा. फाडू नका, लागेल तेव्हा त्यांतला एकेक परिच्छेद उचलता येईल. नवे पहिले प्रकरण पिसदुऱ्याच्या बांधावर लिहा आणि जमल्यास पावसाळ्यापूर्वी मला पाठवा. ते लिहिताना एक गोष्ट आठवून पाहा. त्या शेतकऱ्याने ‘याचं करता तरी काय’ असे विचारल्यावर तुम्ही त्याला काय सांगितलेत, हे १४० पानांत कोठेही आलेले नाही.